बारावं मशीन

त्या दिवशी थंडोबाला मिळायच्या होत्या दोन खिडक्या. दोन्ही रस्त्याच्या बाजूच्या, दोन्हींतून समोरचा बसथांबा आणि दिवसभराचा उजेड दिसणारा. खिडक्यांसोबत चौथ्या मजल्यावरची एक रिकामी खोलीही येणार होती, पण ती त्याच्या लेखी वरकड. खोली त्याच्याकडे होतीच, सहाव्या मजल्यावर, आत्यासोबत. त्या खोलीला खिडकी मात्र एकच, आणि तीही डक्टमध्ये उघडणारी.

डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली तळापासून गच्चीपर्यंतची चौकोनी पोकळी. न्हाणीघरांना हवा मिळावी म्हणून बांधणाऱ्याने ती सोडली होती. पुढे लोकांनी एसी घ्यायला सुरुवात केली आणि सोसायटीने नियम केला की दर्शनी भिंतीवर एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. कारण दर वर्षी ‘सुबक इमारत’ची स्पर्धा असे आणि तीन पितळी पाट्या दारावर आधीच लागलेल्या होत्या. मग एसीचा बाहेरचा डबा, गरम हवा ओकणारा, लावायचा कुठे? डक्टमध्ये. डक्टला कोण परीक्षक डोकावून बघतो?

एकामागून एक अकरा डबे त्या पोकळीत लटकले. अकराही थंडोबाने लावले. हे नाव त्याला धंद्यावरून पडलं होतं की स्वभावावरून, यावर इमारतीत दोन मतं होती. दर उन्हाळा मागच्यापेक्षा चढा निघत होता आणि दर उन्हाळ्याला एक-दोन मशीनं वाढत होती. कोण कुणामुळे वाढतंय, हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. थंडोबाला तर मुळीच नाही.

चेअरमनसाहेबांना आता चौथी पाटी हवी होती. परीक्षक दुपारी चारला येणार, तळमजल्याच्या हॉलमध्ये बसणार, आणि हॉल तर तव्यासारखा तापलेला. तेव्हा ते म्हणाले होते, “तू चारच्या आत हॉल गार कर. चौथ्या मजल्याच्या खोलीचं मी बघतो. दुसरे तिघे मागतायत, पण तू आपला माणूस.” आपला माणूस म्हणून काही फुकट मिळत नसतं, एवढं थंडोबालाही कळत होतं. एका मशीनच्या बदल्यात दोन खिडक्या. सौदा वाईट नव्हता.

सकाळी निघताना आत्या खिडकीशी काजं करत बसली होती. शहरातल्या चांगल्या शिंप्यांच्या कोटांना अजून तिच्याच हातची काजं लागत. कोटाला काज करायचं तर मशीनने टाका फेकून भागत नाही, रेशमी दोरा हाताने वळवून घालावा लागतो. सुई ती चष्म्याशिवाय ओवायची, एका झटक्यात, बोलता बोलता. भाच्याला तिनेच वाढवलं, म्हणून टोमणे मारायचा पूर्ण हक्क ती बजावून होती.

“आज कुणाचं मशीन?” तिने मान वर न करता विचारलं.

“हॉलचं.”

“हॉलमध्ये राहतं कोण?”

“कुणी नाही.”

“मग गरम कुणाला होतंय?”

“परीक्षकांना होईल चार वाजता.”

“बरं झालं, वेळेवर कळलं तुला.” आत्याने दोरा दातांनी तोडला. “आणि माझं काय?”

“अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं! दोन खिडक्या, रस्त्यावरच्या. दिवसभर उजेड.”

“आणि ही?”

“ही सोडायची.”

“छान. आधी हिची भट्टी केलीस, आता म्हणतोस सोड. तुला वाटतं तू गरमी मारतोस. काही मारत नाहीस. एखादी बाई केर काढून शेजारणीच्या दारात लोटते ना, तसला तू.”

“सगळेच लोटतात, आत्या.”

“हो ना. आणि मी सगळ्यांची शेजारीण.”

थंडोबा हसला आणि हत्यारांची पिशवी घेऊन उतरला. हसण्यावारी न्यायची सोय होती, म्हणून नेलं. डक्टच्या माथ्यावर, गच्चीवर, पारदर्शक पत्रा ठोकलेला होता. तोही त्याचाच. दोन वर्षांपूर्वी कबुतरं आत येऊन गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर घाण करून गेली, तेव्हा आत्या तीन दिवस बोलत होती. भाच्याने सुट्टीच्या दिवशी पत्रा आणून चारी बाजूंनी घट्ट बसवला. कबुतरं गेली. गरम हवाही तेव्हापासून कुठे जात नव्हती.

आत्याच्या खिडकीतून एक दोरी डक्टच्या तळापर्यंत सोडलेली असे. खाली तिला कापडी पिशवी, वर ती आत्याच्या कात्रीला बांधलेली, आणि कात्री खिडकीच्या गजाजवळ खिळ्याला. थंडोबा इमारतीत कुठेही कामाला असला तरी जवळच्या न्हाणीघराच्या खिडकीतून हात घालून दोरी ओढायचा. वर कात्री गजावर वाजायची, आत्या उलटी ओढ द्यायची. पाणी, पाना, चहाची किटली, सगळं त्या पिशवीतून फिरायचं. फोन होता, पण फोनवर आत्या लांबण लावायची. दोरीवर कुणाला लांबण लावता येत नाही.

बाराच्या सुमाराला पहिली हाक आली ती फोनवरच. पाचव्या मजल्यावरचे सर कॉलेजात होते. त्यांच्या घरात त्या वेळी राहत होता फक्त पोपट.

“थंडोबा, मशीन बंद पडलंय. मला मोबाइलवर दिसतंय.”

“सर, तुम्ही तर घरी नाही.”

“मी नाही, पण तो आहे ना! मागच्या महिन्यात पिसं गळायला लागली होती त्याची. किल्ली आहे तुझ्याकडे, जा बाबा.”

मशीन बिघडलेलं नव्हतं. प्रत्येक बाहेरच्या डब्यात एक कट-आऊट असतो. भोवतालची हवा फारच तापली की मशीन आपणहून थांबतं, दम खातं आणि मग सुरू होतं. गिऱ्हाइकाला मात्र तो बिघाड वाटतो, आणि फिटर नालायक. म्हणून थंडोबाने यावर आपला एक इलाज काढला होता. कट-आऊटच्या दोन तारा काढायच्या आणि एकमेकींना जोडून टाकायच्या. मग मशीन थांबायचं नाव काढत नाही. त्या उन्हाळ्यात सात मशीनांच्या तारा त्याने अशा जोडल्या होत्या. सरांचं आठवं.

न्हाणीघराच्या खिडकीतून हात घालून तो तारा पिळत होता, तेव्हा मनगटाला वाफ लागल्यासारखं झालं. त्याने दोरी ओढली. उत्तर आलं, पण जरा उशिरा. वरून आवाज आला, “पाणी पाठव रे.”

त्याने सरांच्या फ्रिजमधली बाटली पिशवीत घातली. “वर येऊ का?”

“नको, आटप तुझं. आज सुई दोनदा चुकली माझी.”

“म्हातारी झालीस!”

वरून यावर टोमणा यायला हवा होता. आला नाही. थंडोबाने ते ध्यानात घेतलं, पण मनावर नाही. तोवर तिसऱ्या मजल्यावरून वहिनींचा आवाज आला, “थंडोबाभाऊ, आमचंही थांबलं हो!” मग दुसरा मजला, मग पहिला. तासाभरात अकराच्या अकरा मशीनं जोडून झाली. त्या इमारतीत आता कुठलंही मशीन आपणहून थांबणार नव्हतं.

मग तो तळाशी उतरला, हॉलचा डबा बसवायला. डक्टच्या तळाशी बऱ्यापैकी गार होतं. गरम हवा वर चढते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, त्यावरच त्याची चूल पेटत होती. पण अंगाला गार लागलं की डोकंही गार पडतं माणसाचं. त्याने लोखंडी कंस ठोकले, डबा चढवला, नळ्या वळवल्या.

चेअरमनसाहेब दर थोड्या वेळाने डोकावत होते. “होतंय ना?”

“होतंय साहेब.”

“तिघे मागतायत रे ती खोली.”

“माहीत आहे साहेब.”

त्याने दोरी दोनदा ओढली. दोनदा म्हणजे ‘भूक लागली’. वर कात्री वाजली, उलटी ओढ आली नाही. झोपली असेल. थोड्या वेळाने पुन्हा ओढली. काही नाही. सकाळचं मनात धरून बसली असेल. तशी ती धरायचीही. त्याने गॅसची नळी घट्ट केली, वायरी हॉलच्या बटणापर्यंत आणल्या. मशीन चालवून बघायचं तेवढं बाकी राहिलं. त्या आधी एकदा दोरी ओढू, म्हणून त्याने जरा जोरात ओढली.

दोरी ढिली पडली. मग सगळीच्या सगळी वरून खाली आली, आणि तिच्या मागोमाग कात्री. ती त्याच्या खांद्याला घासून फरशीवर आपटली.

ती कात्री आत्या झोपतानाही उशाशी घ्यायची. कुणी हात लावला तर हातावर मारायची. ती खिळ्यावर नव्हती, म्हणजे आत्याने वापरायला काढली होती. ती खाली आली, म्हणजे धरायला आत्या नव्हती.

थंडोबाने वर पाहिलं. अकरा डब्यांचे पंखे गरगरत होते आणि वरच्या मजल्यांपाशी हवा पाण्यासारखी हलत होती. एकही मशीन थांबलं नव्हतं. थांबणार कसं? थांबायची अक्कल त्यानेच एकेकाची काढून घेतली होती.

लिफ्ट परीक्षकांसाठी पुसून, फुलं लावून उभी केलेली. त्याने जिना धरला.

दार उघडलं तेव्हा खोलीतली धग त्याच्या तोंडावर आली. आत्या खिडकीखाली पडली होती, एका हातात कोटाची बाही. अंग विस्तवासारखं आणि कोरडं ठक्क, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे होते, पण ते त्याला ओळखत नव्हते.

“आत्या! आत्या, मी आहे.”

“डावीकडची दोन राहिली,” ती म्हणाली. “उजेड अडवू नकोस रे. शिंपी येईल.”

त्याने तिला उचललं. इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. एक मजला खाली सरांचं घर होतं, आणि किल्ली खिशात. त्याने दार उघडून तिला थेट मशीनखाली गार फरशीवर ठेवलं. पिंजऱ्यातला पोपट पंख फडफडवून ओरडला, “कोण आहे? कोण आहे?”

वहिनी धावत वर आल्या. त्यांनी प्रश्न विचारले नाहीत, चादर भिजवून आत्याच्या अंगावर टाकली आणि फोन कानाला लावला. “रुग्णवाहिका निघालीये. पण रस्ते तुंबलेत म्हणतात. तोवर गार ठेवा. भाऊ, दार लावा, गार हवा जातेय!”

थंडोबाचा फोन वाजला. सर होते. “माझ्या घरात कोण शिरलंय? मोबाइलवर दिसतंय मला. अरे, तो घाबरलाय!”

“आत्या आहे, सर.”

“बरं. पिंजऱ्यावर फडकं टाक तेवढं.”

आत्याच्या कपाळावरची चादर पुन्हा भिजवायला वहिनी उठल्या, आणि त्याच क्षणी मशीन थांबलं. फ्रिज थांबला. दिवा गेला. इमारतीभर एक लांब ‘अरे’ उमटला.

काय झालं ते थंडोबाला जिना उतरताना कळून चुकलं होतं. परीक्षक लवकर आले होते. चेअरमनसाहेबांनी त्याची वाट न बघता हॉलचं बटण दाबलं होतं.

मीटरच्या खोलीतून जळक्या रबराचा वास येत होता. खोलीला कुलूप, किल्ली चेअरमनांच्या खिशात, आणि जिन्यावर निम्मी इमारत घामाघूम उभी.

“साहेब, किल्ली द्या.”

“देतो, देतो. लगेच सुरू होईल ना?”

“वास येतोय ना? केबलचा जोड जळालाय. फ्यूज बदलतो, पण बारा चालणार नाहीत आता. एकच पेलेल, तेही आपलं नशीब. बाकीचे सगळे ब्रेकर खाली करायला लागतील.”

“एकच?” पहिल्या मजल्यावरचे काका पुढे आले. “कुणाचं?”

“सरांचं.”

“वा! म्हणजे पोपटाचं!”

“पोपटाचं नाही काका, आत्या पडलीये तिथे. अंग भाजतंय तिचं. रुग्णवाहिका येईपर्यंत फक्त.”

“अरेरे,” काका म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. “पण मग आमच्याकडे आण ना तिला, आमचं चालू ठेव. पाचव्या मजल्यावरचंच का?”

“तुमच्याकडे आणायचं तर चार जिने उतरवायचं तिला?”

“आमच्या घरी औषधं आहेत फ्रिजमध्ये,” कुणीतरी मागून म्हणालं. “आधी सगळ्यांना विचारा तरी,” दुसरं कुणी म्हणालं. वाईट सगळ्यांना वाटत होतं. आधी बंद व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं.

चेअरमनसाहेबांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ. “हे बघ, आत परीक्षक बसलेत. अर्धा तास. हॉलचं तेवढं चालू ठेव, मग लगेच वरचं कर. ओला कपडा लावलाय ना तिला? अर्ध्या तासाने काय फरक पडतो? खोलीचा कागद मी आजच करतो. तिच्यासाठीच हवीये ना तुला?”

वरून जिन्याच्या पोकळीतून वहिनींची हाक आली, “भाऊ, इथे तापायला लागलंय! बोलायची थांबलीये ती!”

आता आत्या बोलत नव्हती. जन्मभर जिने त्याला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, ती.

“किल्ली, साहेब.”

“दोन्ही खिडक्या विसर मग.”

थंडोबाने पिशवीतून मोठा पाना काढला, कडीत घातला आणि सगळा जीव लावून उलटा दाबला. कोयंडा भिंतीतून निघून आला. कुणी ओरडलं, कुणी ‘हे काय’ म्हणालं, पण आडवं कुणी आलं नाही. आत काळोख होता. मोबाइल दातांत धरून त्याने ब्रेकर खाली ओढायला सुरुवात केली. काका. वहिनी. औषधांचं घर, “अर्ध्या तासात फ्रिज गरम होत नाही, दार उघडू नका,” एवढं तो दातांतून बोलला. शेवटचा होता हॉलचा, नवाकोरा, त्यानेच आज दुपारी बसवलेला. तोही खाली. जळालेला जोड त्याने कापून पुन्हा पिळला, हात भाजले, फ्यूजची तार घातली, आणि सरांचा ब्रेकर वर केला.

काही झालं नाही.

मग वरून, पाच मजल्यांवरून, पोपट ओरडला, आणि त्याच्यापाठोपाठ वहिनी, “आलं! आलं!”

रुग्णवाहिका येईपर्यंत तो मीटरच्या खोलीच्या दारातच बसला, पाठ चौकटीला लावून. वर जावं असं दर क्षणाला वाटत होतं. पण तो उठला असता तर एखादा ब्रेकर कुणीतरी हळूच वर केला असता, हे त्याला ठाऊक होतं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त उकडत होतं. काका तर त्याच्यासाठी पाणी घेऊन आले, आणि भांडं परत घेता घेता विचारून गेले, “अजून किती वेळ?”

आत्या जगली. दवाखान्यात चौथ्या दिवशी तिने भाच्याला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली, “दाढी कर.” डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे, वेळेवर गार केलं. मग म्हणाले, डोक्याला ताप चढला होता, हातांची थरथर राहील. किती दिवस, ते सांगता येत नाही.

आता ज्याचं त्याच्या नावावर टाकू.

चेअरमनसाहेबांना चौथी पाटी मिळाली. परीक्षक हॉलमध्ये घामाने निथळले, पण इमारत त्यांनी बाहेरून बघितली होती आणि बाहेरून ती खरंच सुबक होती. साहेबांचं गेलं एक कुलूप. दहा घरांनी तासभर घाम गाळला. आठवड्याभरात नवी जाड केबल आली. ती इतकी जाड की आणखी चार-पाच मशीनं सहज मावतील, असं सगळे कौतुकाने सांगत होते. पोपटाचं एकही पीस गळलं नाही.

थंडोबाने गच्चीवरचा पत्रा उखडला आणि अकराही मशीनांचे कट-आऊट पुन्हा जोडून दिले. मशीनं दुपारी थांबायला लागली तशी लोकांनी दुसरा फिटर बोलावला. त्याने तारा पिळून दिल्या. चौथ्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांत आता त्या दुसऱ्या फिटरचे कपडे वाळतात. डक्टमधली गरम हवा मोकळी वर निघते आणि शेजारच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांनी आपल्या खिडक्या लावून घेतल्यात. एसीची चौकशी करायला त्यांचा माणूस येऊन गेला. थंडोबाने त्याला दुसऱ्या फिटरचा नंबर दिला.

सकाळी कामाला निघण्याआधी तो आत्याला सुया ओवून देतो, रेशमी दोऱ्याच्या, ओळीने उशीला टोचून. “ओवून दिल्यास, आता टाके घालायलाही बस,” असं ती रोज म्हणते. मग एक सुई उचलते, काजाच्या कडेशी नेते, आणि सुई कापडाच्या दुसऱ्याच जागी उतरते. पुन्हा नेते. शिंप्यांनी कोट पाठवणं बंद केलंय.

तिने आयुष्यात एसीचं बटण एकदाही दाबलं नव्हतं. बाराही मशीनांचं बिल तिने भरलं.